नेमाचा पल्ला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नांदेडला गोदावरीच्या काठी बंदाघाट आहे. गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू तिथंही माथा टेकवून जातात. ज्यांच्यामुळे घाटाला हे नाव मिळालं, ते बंदासिंग बहादूर. इतिहास त्यांना १७१० मध्ये सरहिंद जिंकणारे आणि १७१६ च्या जूनमध्ये दिल्लीत हौतात्म्य पत्करणारे सेनानी म्हणून ओळखतो. पण नांदेडला ते सेनानी म्हणून आलेले नव्हते. इथं गोदाकाठी त्यांचा मठ होता आणि ते माधोदास बैरागी या नावानं राहत होते. १७०८ च्या सप्टेंबर महिन्यात गुरू गोविंदसिंगजी या मठात आले आणि बैराग्याचा 'बंदा' झाला.

मला आज बोलायचं आहे ते त्याच्याही आधीच्या एका प्रसंगाबद्दल. परंपरा असं सांगते की, १६७० मध्ये राजौरीला जन्मलेल्या या तरुणाचं मूळ नाव लछमनदेव. त्याला शिकारीचा फार नाद. एकदा त्यानं एक हरिणी मारली. पोट फाडलं तेव्हा आत दोन पाडसं निघाली आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली. लछमनदेवानं शस्त्र खाली ठेवलं, घर सोडलं, बैराग्यांच्या संगतीला लागला. फिरत फिरत नाशिकच्या पंचवटीत आला आणि तिथून नांदेडला.

ही कथा आमच्या भागात लहानपणापासून ऐकायला मिळते. सांगणारा शेवटी पश्चात्तापावर येतो आणि तिथंच थांबतो. मला मात्र इतिहास शिकवता शिकवता त्यातली एक साधी गोष्ट जाणवू लागली. लछमनदेवाला पश्चात्ताप झाला, कारण तो हरिणीजवळ गेला. ती त्याच्या पायाशी पडली होती, त्यानं तिला हात लावला होता. समजा, तीच हरिणी लांबून टोचली गेली असती आणि जखम घेऊन झाडीत नाहीशी झाली असती, तर? पाडसं मेलीच असती, पण लछमनदेवाला त्याचा पत्ताही लागला नसता. तो घरी जाऊन जेवला असता.

म्हणजे शिकारीत जीव घ्यावा की नाही, या मोठ्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे: किती अंतरावरून घ्यावा? नांदेड-लातूरच्या माळरानांचा इतिहास या प्रश्नाच्या अंगानं पाहिला, तर काही वेगळंच दिसतं.

आधी हा मुलूख डोळ्यांसमोर आणू. किनवटचं जंगल सोडलं तर आपल्याकडे दाट अरण्य असं थोडंच. कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर, निलंगा, औसा हा सगळा माळ, बरड आणि काळ्या रानाचा प्रदेश. इथलं हरीण म्हणजे मुख्यतः काळवीट आणि थोडे चिंकारे. काळविटाला लपायला झाडी लागत नाही. त्याचं संरक्षण म्हणजे त्याचे डोळे आणि त्याचे पाय. मोकळ्या माळावर माणूस दुरून दिसतो आणि कळप हलतो. त्यामुळे माळावरच्या शिकाऱ्यापुढे दोनच वाटा होत्या. काही युक्ती करून जवळ जायचं, किंवा लांबून मारायचं साधन शोधायचं. हजारभर वर्षांचा इतिहास या दोन वाटांचा आहे.

पहिली वाट जुनी. निलंग्याच्या दक्षिणेला, आज कर्नाटकात असलेलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचं सविस्तर वर्णन आहे. चित्ता सोडून हरणं धरण्याच्या पद्धतीची भारतातली अगदी जुनी नोंद याच ग्रंथातली मानतात. पुढे ही पद्धत सुलतानांनी, मोगलांनी, संस्थानिकांनी चालवली. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला बैलगाडीवर बसवायचं आणि गाडी हळूहळू कळपाकडे न्यायची. शेतावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला हरणं सरावलेली असत. अंतर पुरेसं कमी झालं की टोपी काढायची. कोल्हापूर संस्थानात तर विसाव्या शतकातही आफ्रिकेतून चित्ते आणून हा खेळ चालू होता.

पण जवळ जाण्याची खरी विद्या होती ती फासेपारध्यांकडे. त्यांच्याजवळ चित्ता नव्हता, घोडा नव्हता. होता एक शिकवलेला बैल किंवा गाय, आणि दोरीला ओळीनं बांधलेले फास. हरणांच्या वाटेवर फास रोवायचे, जनावराच्या आडोशानं चरत चरत पुढे जायचं आणि कळपाला न बिचकवता हळूहळू फासांकडे वळवायचं. एका हरणासाठी सकाळची दुपार व्हायची.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला. त्यांनी फासेपारध्यांच्या एका रिवाजाची नोंद केली आहे. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडलं, तर ते सोडून द्यायचं. असं केलं नाही तर पुढे हरणंच उरणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फासाचं मला इथं मांडायचं मुद्दाम कारण आहे. मी फासाचं गोडवं गात नाही. फासात अडकलेलं जनावर धडपडतं, घाबरतं, आणि शेवटी गळ्यावर सुरी फिरतेच. पण फासात आणि सुरीत एक थांबा आहे. पारधी जनावराजवळ येतो, त्याच्या पोटावर हात ठेवतो आणि मग ठरवतो. जी चूक लछमनदेवाला हरिणी मेल्यावर कळली, ती पारध्याला ती जिवंत असताना कळायची. चूक दुरुस्त करायला त्याच्या हातात वेळ होता.

आता दुसरी वाट, बंदुकीची. तोड्याची किंवा ठासणीची बंदूक आली तरी सुरुवातीला फार फरक पडला नाही. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी पन्नास-साठ पावलांपलीकडे भरवशाची नसे. बार एकच, पुन्हा ठासायला वेळ लागे. म्हणून शिकाऱ्याला हरणाइतकीच चिकाटी लागे. १८६३ मध्ये जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्यानं 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' हे पुस्तक लिहिलं. हिंदुस्थानातल्या शिकारीला जवळच्या अंतरावरून मारलेली जड, गोल गोळीच योग्य, असं त्याचं प्रतिपादन. त्याच सुमाराला विलायतेत जास्त दारूच्या, हलक्या गोळीच्या 'एक्स्प्रेस' रायफली तयार होऊ लागल्या. त्यांची गोळी दीडशे यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ जाई. मग धूर न करणारी दारू आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी .३०३ सारख्या रायफलींनी पल्ला आणखी वाढवला. एकेकाळी साठ पावलांवर संपणारं अंतर आता तीनशे यार्डांवर गेलं.

रायफलीचा पल्ला वाढला, पण हरणाचा जीव होता तेवढ्याच जागेत राहिला. इथं थोडा हिशेब करून पाहू. काळविटाच्या छातीत काळीज आणि फुप्फुसं मिळून जी जागा आहे, ती एखाद्या छोट्या ताटलीएवढी. तिथं गोळी लागली तर जनावर काही क्षणांत संपतं. .३०३ची गोळी नळीतून सेकंदाला सातशे मीटरहून अधिक वेगानं सुटते, पण हवेत तिचा वेग घटत जातो. तीनशे मीटर जायला तिला सुमारे अर्धा सेकंद लागतो. चरत चाललेलं हरीण तेवढ्यात हातभर पुढे सरकतं. शंभर मीटरला नेम बसवलेल्या रायफलीची गोळी तीनशे मीटरवर जवळजवळ हातभर खाली येते. नेम धरणाऱ्याचा अंतराचा अंदाज पन्नास मीटरनं चुकला, तर आणखी वीतभर फरक. वारा असेल तर वेगळाच. छातीपासून हातभर मागे काय आहे? पोट. पोटात गोळी लागलेलं हरीण जागेवर पडत नाही. ते कळपाबरोबर पळतं, मग मागे पडतं, मग कुठल्या तरी पिकात शिरून बसतं, आणि मरायला त्याला कित्येक तास लागतात.

नेमबाज कितीही कसलेला असो, बोट दाबल्यानंतरचा तो अर्धा सेकंद त्याच्या हातात नसतो. 'चांगल्या नेमबाजाचे तीनशे यार्ड नवशिक्याच्या पन्नासांपेक्षा बरे' असा युक्तिवाद केला जातो. तो निशाणाच्या पाटीपुरता खरा आहे, कारण पाटी पाऊल टाकत नाही. शिवाय पाटी गाभण नसते. तीनशे यार्डांवरून शिंगांवरून नर-मादी कळेल, पण मादीच्या पोटात काय आहे ते कळणार नाही.

जुन्या शिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्यात अलिखित नियम होते. खात्री नसेल तर बार टाकू नये. मादी मारू नये. जखमी जनावर सोडून मुक्कामावर परतू नये. आर. डब्ल्यू. बर्टन यांच्यासारख्या शिकारीत आयुष्य घालवलेल्या माणसानं १९५२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या शिकारीचा इतिहास लिहिला आणि म्हातारपण वन्यजीवांच्या रक्षणासाठी लेखणी झिजवण्यात घालवलं. पण हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहायला माळावर कोण होतं? हरीण आणि गुराखी. दोघांचीही साक्ष कुणी काढत नसे.

माझी स्वतःची एक साक्ष आहे, ती इथं नोंदवतो. साठीच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव मन्याड नदीच्या खोऱ्यात. थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. वर्षातून एखाद-दुसरं हरीण ते आणायचे. एका रात्री जिल्ह्याच्या गावाहून पाहुणे मंडळी जीपमधून आली. मोठा दिवा, दोन रायफली. रात्री माळाकडून बार ऐकू आले. पहाटे जीप दोन काळवीट घेऊन निघून गेली. तिसऱ्या दिवशी आमच्या तुरीत वास सुटला म्हणून गडी बघायला गेला. पाठोपाठ अण्णा गेले, आणि नको नको म्हणत असताना मीही गेलो. मादी होती. गोळी मागच्या बाजूला, मांडीच्या वर लागलेली. तिनं पाय झाडून झाडून तुरीचे पाच-सहा ताटे मोडले होते. पोट फुगलेलं होतं. ते कुजून फुगलं होतं की आणखी कशानं, हे मला त्या वयात कळलं नाही, आणि अण्णांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "बार कुणाचा अन् मरण कुणाच्या रानात!"

त्यानंतर त्यांनी बंदूक खुंटीवरून काढली नाही. अण्णा काही संत झाले नाहीत. मटण खायचे, कोंबडं कापायचे. पण हरणावर बार टाकला नाही. मला वाटतं, त्यांना हरिणीच्या मरणापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटली असावी. ते पाहुणे त्यांच्याच ओट्यावर चहा पिऊन गेले होते, आणि माळ कुठे आहे ते अण्णांनीच बोट करून दाखवलं होतं.

हे एका गावाचं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या बाजारात आल्या. पिकांच्या राखणीसाठी बंदुकीचे परवाने सढळ हातानं दिले गेले. रात्री दिव्याच्या झोतात हरीण बावचळून उभं राहतं. ज्या डोळ्यांच्या आणि पायांच्या बळावर काळवीट हजारो वर्षं तगला होता, ती दोन्ही साधनं जीप आणि दिव्यानं निकामी केली. देशभरातल्या माळांवरचे कळप वीस-पंचवीस वर्षांत विरळ झाले.

१९७२ च्या सप्टेंबरमध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. मराठवाड्यात त्या वर्षी दुष्काळ होता, कायद्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. या कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे त्याची शिकार पूर्ण बंद. इतर काही जनावरांची शिकार मात्र परवान्यानं चालू राहिली. त्यासाठी नियम होते. वाहनातून शिकार नको, रात्री दिवा लावून नको, पाणवठ्यावर नको, मादी आणि पिल्लांची नको. जाळी आणि फासही नको. नियम चांगलेच होते. पण रायफल किती अंतरावरून चालवावी, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. पुढे १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारच संपली आणि तो प्रश्न कागदावर तरी मिटला.

एक विसंगती मात्र मनातून जात नाही. ज्यांची शिकार हाताच्या अंतरावरची, त्या पारध्यांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या परंपरेनं 'गुन्हेगार जमात' ठरवलं. तो शिक्का १९५२ साली कागदावरून निघाला, लोकांच्या मनातून अजून निघालेला नाही. आणि ज्यांनी तीनशे यार्डांवरून माद्या घायाळ करून सोडल्या, त्यांच्या बैठकीत शिंगं लागली, त्यांचे फोटो निघाले. कायदा मोडला कुणी, यापेक्षा कोण दिसत होतं आणि कोण दिसत नव्हतं, यावर गुन्हा ठरत गेला.

जगात इतरत्र शिकार अजून कायदेशीर आहे, तिथं हा वाद चालूच आहे. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबनं 'न्याय्य पाठलाग' ही कल्पना रुजवली. जनावराला सुटण्याची खरी संधी असली पाहिजे, हे तिचं सार. आज दुर्बिणी, अंतरमापक यंत्रं आणि गणकयंत्रं लावून हजार यार्डांवरून हरीण मारता येतं. अशा लांब पल्ल्याच्या शिकारीविरुद्ध त्याच क्लबनं भूमिका घेतली आहे. जर्मनीत जखमी जनावराचा माग काढणं हे शिकाऱ्याचं कर्तव्य मानतात, आणि त्यासाठी खास शिकवलेली कुत्री ठेवतात. शिकार करणाऱ्यांनाही अंतराची मर्यादा घालून घ्यावीशी वाटते, ती उगाच नाही.

आपल्याकडे तरी हा विषय इतिहासजमा झाला, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आज नांदेड-लातूरच्या शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा उभा असतो आणि त्यात हरणांचे कळप, रोही, रानडुकरं उतरतात. रात्रभर जागून राखण करणाऱ्या शेतकऱ्याला हरणाच्या डोळ्यांचं कौतुक ऐकवण्याचा अधिकार मला नाही. त्याचं नुकसान खरं आहे आणि भरपाईची वाट लांब आहे. २०१५ मध्ये शासनानं पिकांचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना परवानगी घेऊन मारण्याची तरतूद केली. म्हणजे प्रश्न परत आला. मारायचंच असेल, तर कुणी, कसं आणि किती लांबून?

आणि याहून वाईट एक गोष्ट चोरून चालते. कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. हा सर्वांत लांबचा बार आहे. मारणारा घरी झोपलेला असतो. तारेला कोण लागलं, हरीण की डुक्कर, गाभण की पाडस, हे त्याला सकाळी कळतं. कधी कधी शेजारचा शेतकरीच पडलेला असतो. आवाजाच्या रोखानं बाण सोडून श्रावणबाळाला मारणाऱ्या दशरथाची कथा कीर्तनात ऐकताना आपण हळहळतो. दशरथ निदान धावत नदीकाठी गेला होता, त्यानं पाणी नेऊन दिलं होतं, शापही समोर उभं राहून ऐकला होता. वीज सोडून झोपणाऱ्याला त्यातलं काहीच करावं लागत नाही.

पिकाची राखण कशी करावी, हे मी सांगू शकत नाही. ते काम शेतकऱ्याचं, वनखात्याचं आणि भरपाई ठरवणाऱ्यांचं आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढंच सांगतो की, प्रत्येक नव्या साधनानं आपल्याला हरणापासून थोडं लांब नेलं, आणि प्रत्येक वेळी आपल्याला थोडं कमी दिसू लागलं. ज्याला जीव घ्यावाच लागतो, त्यानं तो जिथून डोळे दिसतात तिथून घ्यावा, आणि घेतल्यावर जवळ जाऊन पाहावं. ज्याच्यानं ते पाहवणार नाही, त्यानं बार टाकू नये.

पुढच्या वेळी नांदेडला गेलात तर बंदाघाटावर थोडा वेळ बसा. इथं जो बैरागी राहत होता, तो एका हरिणीजवळ चालत गेला होता.